‘हिऱ्याचं पॉलिश गेलंय’: पॉलिश आणि कट यांचा कायमचा घोळ

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर एका पेढीत मी हिऱ्यांच्या काउंटरला बसते. तिथं सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, “हिऱ्यांचं पॉलिश गेलंय, तेवढं मारून द्या.” त्याच्या खालोखाल दुसरं: “सर्टिफिकेटवर एक्सलंट लिहिलंय की, मग हा असा मेल्यासारखा का दिसतोय?” दोन्ही वाक्यांत चूक एकच आहे. पॉलिश आणि कट ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत असं लोक धरून चालतात.

पॉलिश काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. विटा-आटपाडीकडची माणसं देशभर गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा, धंदा करतात, सोनं आपल्या हाडात आहे. सोन्यात उजेड शिरतच नाही, वरच्या वर परततो. त्यामुळं पृष्ठभाग गुळगुळीत असला की झळाळी, ओरखडे पडले की ती मंद. बफ, म्हणजे पॉलिशचं मऊ चाक, फिरवला की पुन्हा नवं. बांगडीपुरतं हे गणित पक्कं आहे, आणि हेच गणित लोक हिऱ्याला लावतात.

हिऱ्यावर सरळ पडलेल्या उजेडापैकी साधारण १७ टक्केच पृष्ठभागावरून परततो. बाकीचा आत जातो. आत गेलेल्या उजेडाचं पुढं काय होतं, तो वर तुमच्या डोळ्याकडं येतो की खालून निसटतो, यावर हिरा जिवंत दिसणार की मेलेला हे ठरतं. आणि ते ठरवतो कट. कट म्हणजे आकार नव्हे, हेही इथंच सांगून टाकते. गोल, चौकोनी, पेर (थेंबासारखा), मार्कीज (दोन्ही टोकांना निमुळता) हे आकार. कट म्हणजे पैलू कोणत्या कोनात पाडलेत, खोली किती, वरचा सपाट भाग किती रुंद, याचं प्रमाण.

कृष्णेच्या घाटावर लहानपणी चपटे खडे फेकले असतील. तिरका फेकला की टप्पे घेत पलीकडं जातो, उभा टाकला की डुबुक. हिऱ्याच्या आत उजेडाचं काहीसं असंच होतं. आतून एखाद्या पैलूवर उजेड पुरेसा तिरका आला तर तो पूर्णच्या पूर्ण आत परततो, एक थेंब बाहेर सांडत नाही. फार सरळ आला तर पैलू ओलांडून निघून जातो. ही सीमा हिऱ्यासाठी सुमारे २४ अंश आहे (पैलूला काटकोनात रेघ काढून तिच्यापासून मोजायचे). साध्या काचेला हीच सीमा जवळपास ४२ अंश. म्हणून हिऱ्याचे कोन जसेच्या तसे काचेत पाडले तरी काच कधी हिऱ्यासारखी दिसत नाही, कितीही चकचकीत घासा.

आता खालचा निमुळता भाग बघा, त्याला पॅव्हेलियन म्हणतात. वरून आलेला उजेड त्याच्या एका बाजूवर आपटतो, आडवा जाऊन समोरच्या बाजूवर आपटतो आणि वर येतो. बेल्जियमच्या हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ साली याचं गणित मांडलं आणि गोल हिऱ्यासाठी पॅव्हेलियनचा कोन ४०.७५ अंश, वरच्या उताराचा म्हणजे क्राउनचा ३४.५ अंश आणि टेबल, म्हणजे वरचा सपाट भाग, रुंदीच्या ५३ टक्के असे आकडे काढले. आज त्यात थोडं इकडं-तिकडं चालतं, पण गाभा तोच आहे.

पॅव्हेलियन खूप खोल झालं की दुसऱ्या बाजूवर उजेड फार सरळ पडतो आणि तिथूनच सांडतो. वरून पाहिलं तर हिऱ्याच्या मधोमध काळा ठिपका, खिळ्याच्या डोक्यासारखा. फार उथळ झालं तर टेबलाखाली कडेचं प्रतिबिंब राखट कड्यासारखं दिसतं, माशाच्या डोळ्यासारखं. एक-दोन अंशांचा फरक दुकानात डोळ्याला अंश म्हणून कळत नाही, पण हिरा निर्जीव वाटतो एवढं मात्र कुणालाही कळतं.

क्राउनचं काम वेगळं. पांढऱ्या उजेडातून लाल-निळ्या ठिणग्या काढायच्या तर उजेड तिरका बाहेर पडावा लागतो, आणि तो तिरका उतार क्राउन देतं. टेबल ६५ टक्क्यांवर गेलं की हिरा मोठा आणि उजळ दिसतो, पण ठिणग्या कमी होतात. मला असले पसरट टेबलाचे हिरे आवडत नाहीत. काचेच्या खिडकीकडं बघितल्यासारखं वाटतं.

मग पॉलिश? हिऱ्यालाही असतं. सर्टिफिकेटवर त्याची वेगळी ओळ असते: कट, पॉलिश, सिमेट्री (पैलूंचा सारखेपणा). तिन्ही एक्सलंट असली की बाजारात त्याला ट्रिपल एक्स म्हणतात. पॉलिशच्या ओळीचा अर्थ एवढाच की प्रत्येक पैलू किती गुळगुळीत घासलाय. एक्सलंट आणि व्हेरी गुड यांतला फरक दहापट भिंगातूनही शोधावा लागतो. माणसं नेमकी हीच ओळ वाचतात. कटची ओळ वाचत नाहीत, आणि गोल सोडून इतर आकारांच्या बऱ्याच सर्टिफिकेटवर ती ओळ नसतेच! “पॉलिश एक्सलंट, सिमेट्री एक्सलंट” एवढंच दाखवून गिऱ्हाइकाला खूश करणारे विक्रेते माझ्या डोक्यात जातात. वाकड्या भिंतीला चांगला रंग दिलाय, एवढंच ते सांगत असतात.

खोल हिरे बाजारात येतात कशाला? वजनासाठी. कच्च्या खड्यातून जितकं वजन वाचेल तितका पैसा, आणि एक कॅरेटचा आकडा ओलांडला की भाव उडी मारतो. नीट प्रमाणातला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.४ ते ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. ६.१ मिलिमीटरचा एक कॅरेट कुणी दाखवला तर वरून तो ८५ सेंटच्या (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट) चांगल्या हिऱ्याएवढाच दिसणार. उरलेले १५ सेंट पोटात आणि कमरेत (क्राउन आणि पॅव्हेलियन यांच्यामधल्या कडेत) लपलेत, आणि वर तेच वजन उजेड गिळतंय. मी तरी ८५ सेंटचाच घेईन, डोळे झाकून. (डोळे उघडे ठेवून घ्यायचा असेल तर दुकानातल्या स्पॉटलाइटखाली बघू नका. तिथं काहीही लुकलुकतं. दारात सावलीला या, मग ट्यूबलाइटखाली बघा.)

आता ते पहिलं वाक्य. पॉलिश गेलंय. हिरा इतका कठीण की घरात घालून-काढून त्याचं पॉलिश जात नाही. जातं ते सोन्याचं. हिऱ्याच्या मागं बसते तेलकटी. आणि हिऱ्याला तेलाची ओढ भारी. फोडणीचं तेल, क्रीम, कणिक, सगळं बैठकीच्या, म्हणजे कोंदणाच्या, मागं साठतं. हवेऐवजी तेल चिकटलं की त्या पैलूची सीमा २४ अंशांवरून ३७ च्या आसपास जाते. म्हणजे जो उजेड आत परतायचा, त्यातला बराचसा आता मागून निसटतो. चांगला कट केवळ घाणीनं बिघडल्यासारखा वागतो.

गेल्या दिवाळीआधी एक काकू सासूबाईंच्या सात हिऱ्यांच्या कुड्या घेऊन आल्या. हेच वाक्य. मी त्यांच्यासमोरच वाटीत कोमट पाणी घेतलं, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकले, कुड्या भिजवल्या आणि मऊ ब्रश मागच्या बाजूनं फिरवला. पुढून नाही, मागून! पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. टिपून हातात दिल्या तर काकू बघतच राहिल्या. फक्त डाव्या कुडीतला मधला हिरा तसाच, मध्ये काळा. भिंगातून दाखवलं त्यांना: पोटाला खोल आहे, घाण नाही. उजळायचा तर पुन्हा पैलू पाडावे लागतील, वजन जाईल, मग बैठकीत सैल होईल.

काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली. कुड्या डबीत ठेवल्या आणि म्हणाल्या, “बरं मग, त्या एकट्याला तेवढं पॉलिश मारून द्या की.”