अल्कोहॉल–हायड्रोकार्बन द्रवमिश्रणे : दाबाखालील ऊष्मागतिक गुणधर्म

एथॅनॉल व हेप्टेन यांसारख्या जोड्यांच्या मिश्रणांची घनता, संपीड्यता (दाबाने घनफळ किती आकसते याचे माप), उष्णताधारकता, एन्थाल्पी (स्थिर दाबाला उष्णतेच्या देवाणघेवाणीचा हिशेब देणारी ऊर्जाराशी) इ. राशी दाबानुसार कशा बदलतात, हा या नोंदीचा विषय आहे. अल्कोहॉलमिश्रित इंधनांच्या संदर्भात त्याला महत्त्व आहे. डीझेल एंजिनात इंधन फवारताना दाब सु. २०० मेगापास्कलपर्यंत (वातावरणीय दाबाच्या सु. २,००० पट) चढतो.

अल्कोहॉलाचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना जोडलेले असतात. एक मोल बंध तोडण्यास सु. २०–२५ किलोजूल लागतात. हायड्रोकार्बन मिसळल्यावर काही बंध तुटतात व उष्णता शोषली जाते. अशा द्रवांचे आदर्श वर्तनापासूनचे (मिसळताना घनफळ वा उष्णता बदलत नाही अशा काल्पनिक मिश्रणाच्या वर्तनापासूनचे) विचलन रेणूंच्या संयोगांमुळे होते, असे डोलेझालेक यांनी १९०८ मध्ये मांडले. व्हान लार यांनी ते नाकारले. अल्कोहॉलांपुरते तरी डोलेझालेक यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

दाब व घनता यांचा संबंध बहुधा ‘टेट समीकरणा’ने दाखवतात. त्याचे जनकत्व मात्र सरळ नाही. ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सागरी मोहिमेनंतर (१८७२–७६) पीटर गथ्री टेट यांनी पाण्याच्या संपीड्यतेवर काम केले. त्यांच्या १८८८ मधील सूत्रात सुरुवातीच्या दाबापासून मोजलेली सरासरी संपीड्यता होती. टामान यांनी तिच्या जागी त्या-त्या दाबाची तात्कालिक संपीड्यता घातली. त्यामुळे आज वापरातले लॉगरिदमी रूप आले, पण नाव टेट यांचेच राहिले. हेवर्ड यांनी १९६७ मध्ये ही गफलत दाखवून मूळ रूपाची बाजू घेतली. कमी दाबाला दोन्ही रूपांत फारसा फरक पडत नाही. मिश्रणांसाठी लॉगरिदमी रूपच रूढ असून त्याला टामान यांचे म्हणणे अधिक रास्त ठरेल.

एथॅनॉल–हेप्टेन मिश्रणाचे घनफळ घटकांच्या बेरजेहून किंचित जास्त भरते. दाब वाढवला की ही वाढ घटते. १-डेकॅनॉल व हेक्झेन यांचे घनफळ उलट आकसते. एथॅनॉल–हेप्टेनमधील वाढ मोलमागे ०.५ घ. सेंमी. धरली आणि ती दाबाने बदलत नाही असे मानले, तरी १०० मेगापास्कल दाबाने अतिरिक्त गिब्ज ऊर्जा (मिश्रणाची उपयोगी कार्य देऊ शकणारी ऊर्जा आदर्श मिश्रणाहून जितकी जास्त असते ती) मोलमागे केवळ ५० जूलने वाढेल. या ऊर्जेचे मूळ मूल्य मोलमागे हजार जूलच्या वर असल्याने दाबाचा हा परिणाम गौणच म्हणावा लागेल.

मिथेनॉल व सायक्लोहेक्झेन सामान्य दाबाला सु. ४५° से. च्या वरच सर्व प्रमाणांत मिसळतात. दाबाबरोबर ही मर्यादा वर सरकते. एथॅनॉल–हेक्झेन यांचे स्थिर उकळबिंदूचे मिश्रण वातावरणीय दाबाला सु. ५८.७° से. ला उकळते. एथॅनॉलाची बाष्पीभवन उष्णता अधिक असल्याने दाब वाढवल्यास त्यातील एथॅनॉलाचा वाटा वाढतो.

घनता कंपननलिका घनतामापकाने (द्रव भरलेल्या नळीच्या कंपनांवरून घनता काढणाऱ्या उपकरणाने) मोजतात. ध्वनिवेगावरून समएन्ट्रॉपी (उष्णतेची देवाणघेवाण न होता दाबताना असणारी) संपीड्यता मिळते. एन्थाल्पीवरील दाबाचा परिणाम पुष्कळदा घनतेच्या मोजमापांवरून गणिताने काढला जातो.