फाटक लावले म्हणून रस्ता बंद होतो का? ग्रिझली अस्वले आणि मोंटानातील जंगलरस्ते : पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील फ्लॅटहेड राष्ट्रीय वनात अस्वलांच्या रक्षणासाठी रस्ते किती असू द्यावेत यावरून वाद चालू आहे. त्यातले बहुतेक रस्ते वाहतुकीसाठी नव्हे, तर लाकूड बाहेर काढण्यासाठी पाडलेले आहेत. तिथल्या साउथ फोर्क नदीवरचे हंग्री हॉर्स धरण १९५३ मध्ये पूर्ण झाले, जलाशयाच्या दोन्ही काठांनी रस्ते गेले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांना फाटे फुटत डोंगरउतार पोखरले गेले. अलास्का वगळता उरलेल्या अमेरिकेत ग्रिझलीला १९७५ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले, तेव्हा हे जाळे बव्हंशी तयार होते.

रस्ता अस्वलाचे नेमके काय बिघडवतो, याचे मोजमाप मात्र १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात याच खोऱ्यात रेडिओ कॉलर लावून सुरू झालेल्या अभ्यासातून हाती आले. दिवसाला दहापेक्षा कमी गाड्या जाणाऱ्या किंवा बंद केलेल्या रस्त्यांच्या आसपासचा पट्टा बहुतेक अस्वले टाळत नव्हती. दहापेक्षा जास्त गाड्या जाऊ लागल्या की दोन्ही बाजूंचा सुमारे अर्धा किलोमीटरचा पट्टा ती टाळू लागत. म्हणजे अस्वल टाळते ते खडी-मातीला नव्हे, तर तिथून येणाऱ्या माणसाला. उलट रस्त्याच्या कडेला झाडे तोडल्यामुळे ऊन पोहोचते, धूप थांबवण्यासाठी पेरलेले क्लोव्हर हे चाऱ्याचे गवत वसंतात लवकर कोवळे फुटते आणि भुकेले अस्वल नेमके तिथेच चरायला उतरते. तिथे ते मरते, पण चाकाखाली क्वचित, बहुधा गोळीने. काळे अस्वल समजून केलेली शिकार, चोरटी शिकार आणि घाबरून झाडलेली गोळी ही त्यामागची नेहमीची कारणे आहेत. या राज्यातील ग्रिझलीची परवानाधारक शिकार १९९१ मध्ये थांबली, तरी ही कारणे उरलीच. हमरस्त्यांचे गणित थोडे वेगळे आहे. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेकडून जाणारा महामार्ग अस्वले प्रामुख्याने रात्री ओलांडतात असे दिसले आहे, आणि रस्त्यावरच्या गाड्या कमी होतात त्याच वेळी शेजारच्या रेल्वेमार्गावर मालगाड्यांची वर्दळ असते.

या निष्कर्षांवरून १९९५ मध्ये वनाच्या आराखड्यात दुरुस्ती झाली. ती ‘१९-१९-६८’ या आकड्यांनी ओळखली जाते. एका प्रौढ मादीच्या वावरक्षेत्राएवढा वनाचा एकेक तुकडा धरायचा. दर चौरस मैलाला एक मैलापेक्षा जास्त चालू रस्ते असलेला भाग त्या तुकड्याच्या १९ टक्क्यांपेक्षा अधिक नको. चालू आणि बंद मिळून दोन मैलांपेक्षा जास्त रस्ते असलेला भागही १९ टक्क्यांच्या आत हवा. आणि किमान ६८ टक्के क्षेत्र सुरक्षित गाभा म्हणून राहायला हवे. आपल्याकडे व्याघ्रप्रकल्पाचा गाभा अधिसूचनेने नकाशावर आखला जातो, तसा हा गाभा नाही. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंचे पाचशे मीटर वजा करून जे उरते, तो गाभा. हे आकडे कॉलर लावलेल्या माद्यांच्या प्रत्यक्ष वावरक्षेत्रांची सरासरी होते. त्यापलीकडे गेले की अस्वल नाहीसे होते, अशी काही निसर्गाने आखलेली रेषा ती नव्हती. विरोधकांनी हा मुद्दा वारंवार मांडला आणि तो चुकीचा नाही. तरीही सरासरीला नियमाचे बळ मिळाल्यामुळे शेकडो मैल रस्ते मोडले गेले, हेही खरे. कॅनडातील अल्बर्टा प्रांताने २००८ मध्ये मुख्य अधिवासासाठी दर चौरस किलोमीटरला ०.६ किलोमीटर आणि दुय्यम अधिवासासाठी १.२ किलोमीटर ही मर्यादा सुचवली. मैलांचे किलोमीटर करून पाहिले की हे आकडे ओळखीचे वाटतात.

वादाचे खरे मूळ मात्र आकड्यांपेक्षा ‘बंद’ या शब्दात आहे. १९९५च्या दुरुस्तीनुसार एकूण रस्त्यांच्या हिशेबातून एखादा रस्ता वगळायचा, तर तो ‘मोडीत काढलेला’ असावा लागे. त्यासाठी मोऱ्या उपसून काढाव्या लागत आणि रस्त्याचा उपयोग रस्ता म्हणून होणारच नाही अशी त्याची अवस्था करावी लागे. मोरी काढणे खर्चिक काम आहे. पन्हळी पत्र्याचा नळ मातीत राहिला, तर तो पालापाचोळ्याने आणि ओंडक्यांनी तुंबतो, एखाद्या वसंतात बर्फाचे पाणी भराव फोडते आणि सगळा गाळ बुल ट्राउट माशाच्या ओढ्यात जातो. हा मासाही संरक्षित आहे, त्यामुळे अस्वलासाठी केलेल्या नियमाचा आधार माशालाही मिळत होता. डिसेंबर २०१८ मध्ये मंजूर झालेल्या नव्या आराखड्याने १९-१९-६८ बाजूला ठेवले, रस्त्यांची २०११ची स्थिती आधारभूत धरली आणि ‘अगम्य’ हा नवा प्रकार आणला. रस्त्याच्या तोंडाशी मातीचा बांध घातला किंवा ओंडके आडवे टाकले, की तो रस्ता अगम्य ठरतो आणि मोजणीतून बाहेर पडतो, मग पलीकडे मोऱ्या, भराव आणि सपाट चाकोरी शाबूत असली तरी चालते. अस्वलांची संख्या २०११पर्यंत वाढत होती, तेव्हा तीच स्थिती राखणे पुरेसे आहे, असा वनखात्याचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य असले, तरी ती वाढ ज्या नियमाखाली झाली तोच नियम त्या वाढीचे कारण देऊन सैल केला गेला, ही गोष्ट नजरेआड होत नाही.

जंगलरस्त्यावरचे फाटक ज्याने पाहिले आहे, त्याला पुढची अडचण सांगावी लागत नाही. फाटकाला कुलूप असते आणि खांबाच्या बाजूने, झुडपे चिरडत, चार चाकांची ताजी वाट गेलेली असते. जून २०२१ मध्ये संघीय न्यायालयाने याच मुद्द्यावर बोट ठेवले: बंद रस्त्यांवरून होणारी बेकायदा वाहतूक अस्वलांवरील परिणामांच्या मूल्यांकनात नीट धरलेली नाही, आणि मोऱ्या काढण्याची अट सोडल्याचा माशांवरील परिणामही तपासलेला नाही. मूल्यांकन पुन्हा झाले. २०२४ मध्ये तेही न्यायालयात टिकले नाही आणि फाटके-बांधांसारखे रोध निकामी ठरण्याचा प्रश्न पुन्हा पुढे आला. दरम्यान, ५ कोटी ८५ लाख एकर राष्ट्रीय वनांत नवे रस्ते रोखणारा २००१चा देशव्यापी नियम मागे घेण्याचा मनोदय जून २०२५ मध्ये जाहीर झाला.

‘२०११ची स्थिती’ या शब्दांतही तोच पेच आहे. त्या वर्षी कागदावर अडवलेल्या रस्त्यांपैकी काहींवरून तेव्हाही गाड्या जात असतील, तर आज राखायची आहे ती स्थिती कागदावरची की जमिनीवरची, हे ठरल्याशिवाय पुढची कोणतीही मोजणी कशाशी ताडायची, हा प्रश्न राहतो.