वैश्विक इतिहासलेखन, चीनमधील

राष्ट्र हे एकक न मानता समाजासमाजांतील देवाणघेवाण, म्हणजे व्यापार, स्थलांतर, साथीचे रोग, पिके व तंत्रे यांचा प्रसार, यांवर भर देणारी चिनी इतिहासलेखनातील शाखा. तिला संस्थात्मक रूप विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर आले. उगमाविषयी मात्र एकमत नाही.

काही अभ्यासक हा उगम वेइ युआन (१७९४–१८५७) यांच्या ‘हायग्वो थूज’ (सागरी राष्ट्रांचा सचित्र वृत्तांत) या ग्रंथापर्यंत मागे नेतात. पहिल्या अफू युद्धानंतर सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या प्रस्तावनेवरील चांद्र तिथी जानेवारी १८४३ मध्ये पडते, तर छपाई बहुधा १८४४ ची. त्यामुळे संदर्भग्रंथांत दोन्ही वर्षे आढळतात. मूळचे ५० खंड १८५२ च्या आवृत्तीत १०० झाले. अफूबंदीसाठी नेमलेले चिनी अधिकारी लिन त्सशू यांनी करवून घेतलेली पाश्चात्त्य ग्रंथांची भाषांतरे हा त्याचा एक आधार. तथापि परकीयांचे तंत्र शिकून त्यांनाच रोखणे हा त्याचा उद्देश होता. त्यामुळे तो सागरी संरक्षणासाठी रचलेला भूगोलग्रंथ मानणे अधिक सयुक्तिक दिसते. दुसरे मत इतिहासकार जोऊ गूचंग यांच्या १९४९ मधील तीन खंडी जागतिक इतिहासाला अग्रमान देते. त्यांनी यूरोपकेंद्री मांडणी नाकारून ईजिअन प्रदेशासोबत चीन, भारत व मध्य अमेरिका यांनाही प्राचीन संस्कृतिक्षेत्रांत स्थान दिले.

१९५० नंतर सोव्हिएट नमुना रूढ झाला. समाजविकासाच्या पाच अवस्था (आदिम, दासप्रधान, सरंजामी, भांडवली व समाजवादी) प्रमाण ठरल्या आणि ‘जागतिक इतिहास’ म्हणजे चीनबाहेरचा इतिहास असा विभाग विद्यापीठांत पक्का झाला. जोऊ इलियांग व वू युचिन यांनी संपादिलेला चार खंडी इतिहास (१९६२) याच चौकटीतला.

वू युचिन (१९१३–१९९३) यांनीच पुढे ही चौकट ओलांडली. हार्वर्डहून १९४७ मध्ये परतलेले वू वूहान विद्यापीठात अध्यापन करीत. उत्पादनपद्धतींचे बदल हा इतिहासाचा उभा विकास, तर अलग समाज जोडले जाणे हा आडवा विकास, असे त्यांनी मांडले. पशुपालक भटके व शेतकरी यांच्यातील दीर्घ संघर्ष त्यांनी आडव्या विकासाचा प्रमुख दाखला म्हणून घेतला. या विचाराचे सर्वांत नेटके निवेदन चिनी महाविश्वकोशातील ‘जागतिक इतिहास’ या त्यांच्या नोंदीत (१९९०) आहे. विश्वकोशातील नोंद एखाद्या विद्याशाखेचा पाया ठरावी, हे विरळाच. मार्क्सची विश्व-इतिहासाची कल्पना हा त्यांचा आधार असल्याने ही मांडणी पाश्चात्त्य जागतिक इतिहासाची उसनवार म्हणता येत नाही. चिनी शाखेचा खरा प्रारंभ येथे मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

अमेरिकेतील इतिहासकार स्टाव्ह्रियानोस यांच्या वैश्विक इतिहासावरील ग्रंथाचे चिनी भाषांतर १९८८ पासून प्रसिद्ध झाले व फार वाचले गेले. पुढे आंद्रे गुंडर फ्रँक व पोमरान्झ या पाश्चात्त्य अभ्यासकांच्या ग्रंथांनी अठराव्या शतकातील चिनी अर्थव्यवस्थेविषयी वाद पेटवला. भारतविद्यापंडित जी शिएनलिन यांचा ऊससाखरेचा इतिहास वैश्विक इतिहासात सहसा गणला जात नाही. भारत, इराण व चीन यांच्यातील तंत्राचा प्रवास मात्र त्यात साक्षेपाने तपासला आहे.

बीजिंगच्या कॅपिटल नॉर्मल विद्यापीठात २००४ मध्ये वैश्विक इतिहास केंद्र स्थापन झाले. लिऊ शिनचंग त्याचे प्रमुख प्रवर्तक. तेथील नियतकालिक २००८ पासून निघते. आंतरराष्ट्रीय इतिहास परिषद २०१५ मध्ये जिनान येथे भरली. आशियातील ती पहिलीच. यू फेइ प्रभृती चिनी इतिहासकारांनी मात्र प्रत्येक राष्ट्राच्या स्मृतीतील वैश्विक इतिहास वेगळा असतो, असा आग्रह धरला. २०११ मध्ये जागतिक इतिहासाला प्रथम श्रेणीची स्वतंत्र विद्याशाखा म्हणून मान्यता मिळाली. त्याच निर्णयाने चिनी इतिहासही वेगळी शाखा झाला, आणि चीन व उर्वरित जग यांच्या इतिहासांमधील जी भिंत ओलांडायची तीच अधिकृत ठरली.