एकच कॅमेरा, दोन कामं: गच्चीचा थर्मल सर्व्हे आणि घरातल्या गळतीचा शोध

‘थर्मल स्कॅनिंगचे किती घेता?’ असा फोन आला की दर सांगण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यायला हवी: पाणी कुठून येतंय ते शोधायचंय, की गच्चीत किती पाणी मुरलंय ते मोजायचंय? कॅमेरा तोच, माणूसही बहुधा तोच. पण ही दोन कामं वेगळ्या वेळी होतात, वेगळ्या जागी उभं राहून होतात, त्यांचे पैसे वेगळी माणसं देतात आणि त्यांचा हिशेब वेगळा बसतो. या धंद्यात नव्याने उतरलेले बरेच जण दोन्हींसाठी एकच दरपत्रक छापतात. मग छोट्या कामात पदरचे पैसे घालावे लागतात आणि मोठ्या कामात गिऱ्हाईक हातचं जातं.

आधी कॅमेऱ्याबद्दल थोडं. थर्मल कॅमेरा पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. स्लॅबच्या आत काय आहे ते त्याला दिसत नाही, आणि ‘पाणी’ म्हणून वेगळं असं काहीच दिसत नाही. ओल आहे हा निष्कर्ष आपण तापमानातल्या फरकावरून काढतो. हा फरक दोन कारणांनी पडतो आणि दोन कामांतला सगळा भेद तिथूनच सुरू होतो.

पहिलं कारण उष्णता धरून ठेवण्याचं. पाण्याला तापायला आणि निवायला वेळ लागतो. दिवसभर ऊन खाल्लेली गच्ची सूर्यास्तानंतर निवू लागते. कोरडा भाग लवकर निवतो, मुरलेल्या पाण्याचा भाग मागे राहतो. निरभ्र आकाश, वारा कमी, पृष्ठभाग कोरडा आणि आदल्या दिवशी पाऊस नाही असं जमून आलं, की अंधार पडल्यावरच्या दोन-तीन तासांत ओला भाग पडद्यावर उजळ दिसतो. गच्चीचा सर्व्हे म्हणजे हे काम. दुसरं कारण बाष्पीभवनाचं. ओल्या छतावरून पाणी उडत असतं आणि उडताना ते पृष्ठभाग थंड करतं. म्हणून बेडरूमच्या छताकडे खालून कॅमेरा धरला की ओलीचा डाग भोवतालपेक्षा अंश-दोन अंश थंड दिसतो. रंगाचे पोपडे अजून सुटलेले नसले तरी दिसतो. गळतीचा शोध म्हणजे हे काम.

म्हणजे तीच ओल गच्चीवर रात्री गरम दिसते आणि घरात खालून थंड. ही गोष्ट गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच समजावून सांगा. तसं केलं नाही, तर रिपोर्टमधला लाल डाग आणि निळा डाग बघून सोसायटीच्या कमिटीतला कुणीतरी हमखास म्हणतो, ‘तुमचे दोन फोटो जुळत नाहीत.’

आता आपल्याकडची अडचण. गच्चीचा रात्रीचा सर्व्हे रुळला तो अमेरिकेत. तिथल्या मोठ्या सपाट छतांवर मेंब्रेनखाली (पाणी अडवणाऱ्या पातळ थराखाली) इन्सुलेशनचे, म्हणजे उष्णता रोखणारे, बोर्ड असतात. बोर्ड भिजला की कोरड्या आणि ओल्या भागातला फरक डोळ्यात भरतो. ‘एएसटीएम सी ११५३’ हे तिथलं मानक खास भिजलेलं इन्सुलेशन शोधण्यासाठीच आहे. आपल्या सोसायट्यांच्या गच्चीवर मात्र काँक्रीटचा स्लॅब, त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर चायना मोझेक असतं. कोबा मुळातच जड, कोरडा असला तरी उष्णता धरून बसणारा. त्यामुळे ओल्या-कोरड्यातला फरक बारीक पडतो, आणि चकचकीत मोझेकमध्ये थंड आकाशाचं प्रतिबिंब पडतं ते वेगळंच. पत्र्याच्या शेडवर तर पाणी धरून ठेवणारा थरच नसतो आणि नवा चकाकता पत्रा कॅमेऱ्याला आरशासारखा फसवतो. चाकण किंवा बुटीबोरीतल्या साध्या पत्र्याच्या शेडला ‘ओलाव्याचा नकाशा’ विकायला जाऊ नका. औषध कंपन्या, मॉल, आयटी पार्क अशा ठिकाणी, जिथे स्लॅबवर इन्सुलेशन टाकलेलं असतं, तिथे हे काम खरं चालतं. तिथेही बोर्ड कोणता आहे ते विचारा. एक्सपीएससारखा पाणी न पिणारा बोर्ड असेल तर सर्व्हेत फारसं काही सापडणार नाही.

मग सोसायटीच्या गच्चीचं काय करायचं? तिथे सर्व्हे करता येतो, पण एकट्या कॅमेऱ्याच्या भरवशावर नाही. साडेसातच्या सुमारास गच्चीवर उभं राहिलं की पडद्यावर आधी भलतंच उजळ दिसतं: दिवसभर तापलेल्या कठड्याच्या कडेचा पट्टा, एसीच्या बाहेरच्या युनिटसमोरचा भाग, टाकीखालचा चौकोन. ही सगळी उष्णता खरी आहे, पण तिचा पाण्याशी संबंध नाही. ती बाजूला काढल्यावर उरतात ते वेडेवाकडे, कडा विरलेले डाग. ते बहुतेक वेळा पावसाळी पाइपाच्या तोंडाभोवती, कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथल्या गोलाईला (‘वाटा’) धरून किंवा केबलवाल्याने नंतर पाडलेल्या भोकाजवळ सापडतात. अशा प्रत्येक डागाला खडूने गोल करायचा, आत आकडा टाकायचा, मीटर लावून ओल तपासायची आणि दोन-तीन ठिकाणी कोबा फोडून खात्री करायची. फोडण्याची परवानगी आणि नंतर बुजवण्याचा खर्च कोणाचा, हे कोटेशनमध्येच लिहा.

खालून गळतीचा शोध घेताना पद्धत उलटी. आधी छताचे कोरडे फोटो घ्यायचे. मग गच्चीचा किंवा वरच्या बाथरूमचा संशयित भाग बांध घालून पाण्याने भरायचा, ४८ तास थांबायचं आणि त्याच जागेवरून, त्याच कोनातून पुन्हा फोटो घ्यायचे. नवा थंड डाग उमटला तर पाण्याची वाट सापडली. बाथरूमच्या संकन (मुद्दाम खाली घेतलेल्या) स्लॅबमधली गळती, नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या तोंडाचा) सुटलेला सांधा, बाहेरच्या भिंतीची चीर आणि गच्ची या चौघांना एकमेकांपासून वेगळं काढायचं तर याहून सरळ रस्ता नाही. मात्र संपूर्ण गच्ची एका दमात भरू नका. ६,००० चौरस फुटांवर इंचभर पाणी म्हणजे जवळपास १४ टन वजन. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एवढा भार टाकणं धोक्याचं आहे.

पैशाचा हिशेब

गच्चीच्या सर्व्हेचा दर चौरस फुटावर सांगायची पद्धत आहे आणि गिऱ्हाइकालाही तोच कळतो. पण नुसता चौरस फुटाचा दर सांगितलात तर लहान गच्ची तुम्हाला बुडवते. पुढचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत, ते बाजारभाव समजू नका. समजा कॅमेरा ४ लाखांचा आहे, तो चार वर्षं चालेल आणि वर्षाला ४० सर्व्हे होतील. म्हणजे प्रत्येक सर्व्हेवर २,५०० रुपये कॅमेऱ्याचेच पडतात. दिवसाची एक पाहणी, रात्रीचा सर्व्हे आणि नकाशासह रिपोर्ट मिळून तुमचे दोन दिवस जातात. दिवसाचे ३,५०० धरले तर ७,०००. मदतनीस आणि प्रवासाचे १,५००. तुमचा एकूण खर्च झाला ११,०००. ३,००० फुटांच्या गच्चीला दीड रुपया फुटाने ४,५०० मिळतात! उलट ४०,००० फुटांच्या छताला त्याच दराने ६०,००० होतात आणि खरेदी विभागातला माणूस तिथेच कोटेशन बाजूला ठेवतो, कारण काम एक-दोन रात्रींचंच आहे हे त्यालाही समजतं.

म्हणून आधी किमान आकार, मग उतरता दर. ५,००० फुटांपर्यंत १४,०००, पुढे २०,००० फुटांपर्यंत फुटाला १ रुपया, त्यापुढे ५० पैसे. या हिशेबाने ६,००० फुटांचे १५,००० होतात आणि ४०,००० फुटांचे ३९,०००. ३,००० फुटांची गच्ची असलेल्या सोसायटीला १४,००० जड वाटले तर सरळ सांगा की तुम्हाला गच्चीच्या नकाशापेक्षा खालून तपासणीच परवडेल. बहुतेकदा त्यांची गरजही तेवढीच असते.

कमिटीपुढे हा दर टिकतो तो दुसऱ्या आकड्यामुळे. वॉटरप्रूफिंगवाल्याने ६,००० फुटांचं १२० रुपये फुटाने ७ लाख २० हजारांचं कोटेशन दिलं असेल आणि ओल १,५०० फुटांतच सापडली, तर तेवढ्याच भागाचं काम १ लाख ८० हजारांत होतं. अर्थात ओल ५,००० फुटांतही सापडू शकते, आणि तेही त्यांना आधी सांगायला हवं. ‘वाचलेल्या पैशातला हिस्सा द्या’ असा सौदा कधीही करू नका. ओल कमी दाखवण्यात तुमचा फायदा आहे असं एकदा दिसलं की तो रिपोर्ट कुणी गंभीरपणे घेत नाही.

गळतीच्या शोधाला चौरस फुटाचा दर लावणं निरर्थक आहे. बारा बाय दहाच्या खोलीचे किती फूट मोजणार? इथे फेरीचे पैसे घ्या: पहिली पाहणी, पाणी भरल्यानंतरची दुसरी फेरी आणि लेखी रिपोर्ट, तिन्हींचे आकार वेगळे सांगा. अनेकांना तोंडी उत्तर पुरतं आणि त्यांना रिपोर्टचा भुर्दंड नको असतो. पण वरच्या मजल्याशी वाद चालू असेल तर रिपोर्ट हाच खरा माल. त्यात तारीख, वेळ, खोलीचं तापमान, आर्द्रता, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन आणि प्रत्येक थर्मल फोटोशेजारी त्याच जागेचा साधा फोटो हवा. शक्यतो दोन्ही घरांतल्या माणसांसमोर तपासणी करा. दोष कोणाचा ते लिहू नका. पाणी कुठे भरलं, किती तासांनी कुठे उमटलं, एवढंच लिहा. पुढे सुनावणीला हजर राहायची वेळ आली तर त्याचे पैसे वेगळे, हेही सुरुवातीलाच कळवा.

गिऱ्हाईक कुठे आणि कधी

सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात आणि मोठ्या दुरुस्तीचा विषय तिथेच येतो. गच्चीच्या सर्व्हेसाठी कमिटीला भेटायची वेळ म्हणजे ऑगस्ट. ठराव सप्टेंबरात होतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात निसर्गच तुमचं काम सोपं करतो: कोब्यात पावसाचं पाणी अजून मुरलेलं असतं, वरचा थर सुकलेला असतो, दिवसा ऊन रणरणतं आणि रात्री आकाश मोकळं असतं. दुरुस्तीला मग जानेवारी ते मे असे महिने उरतात.

मला सर्वांत हुकमी वाटतात त्या नव्या सोसायट्या. रेरा कायद्याच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा) कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनास आणला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ही मुदत संपत आलेल्या सोसायटीला ‘गच्ची गळते’ अशा पत्राबरोबर पुरावा लागतो. महारेराच्या (रेराच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्प आणि त्यांच्या पूर्णतेच्या तारखा कुणालाही बघता येतात. आपल्या भागातले चार वर्षांपूर्वी पूर्ण झालेले प्रकल्प काढा आणि त्यांच्या सेक्रेटरीला एक पानाचं पत्र द्या. जुन्या इमारतींसाठी स्ट्रक्चरल ऑडिट करणारे इंजिनिअर गाठा. ऑडिटमध्ये स्लॅबची ताकद तपासतात, तुमच्या सर्व्हेत ओल. दोन्ही एकच आहेत असं समजणारे सेक्रेटरी पुष्कळ भेटतात. त्यांना स्पष्ट सांगा की हा सर्व्हे ऑडिटच्या जागी चालणार नाही.

कारखान्यांत शिरायचा रस्ता छतावरून जात नाही. तिथे इलेक्ट्रिक पॅनलची थर्मोग्राफी नेमाने होते आणि मेंटेनन्सच्या माणसाला कॅमेरा ओळखीचा असतो. त्याला आधी त्या कामासाठी भेटा, छताचं बोलणं नंतर.

ड्रोन घेऊन मोठी छतं झटपट उरकू असं वाटत असेल तर थांबा. ड्रोन नियम २०२१ नुसार व्यवसायासाठी मायक्रो ड्रोन उडवायलाही रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, फेब्रुवारी २०२२ पासून तयार विदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि विमानतळाजवळच्या वस्तीत परवानगीशिवाय उडवता येत नाही. सोसायटीच्या गच्चीला पायीच फिरा.

गळतीच्या शोधाचं गिऱ्हाईक मात्र जुलैत, भर पावसात येतं, आणि ते रंगारी, प्लंबर, इंटिरिअरवाले यांच्या तोंडून येतं. भिंतीचा रंग दुसऱ्यांदा सुटला की रंगाऱ्याला पहिल्यांदा कळतं, आणि दोष आपल्या रंगाचा नाही हे दाखवायची गरजही त्यालाच असते. जुना फ्लॅट विकत घेणारेही बोलावतात. वॉटरप्रूफिंगवाले तर आपण होऊन कमिशन देऊ करतात. ते घेऊ नका. तपासणी फुकट करून देणारे ठेकेदार गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांच्या तपासणीतून नेहमी त्यांचंच काम निघतं. लोक तुम्हाला पैसे मोजतात ते तुम्हाला दुरुस्तीत काही मिळणार नसतं म्हणून.

मे महिन्यात ‘पावसाआधी गच्ची स्कॅन करून द्या’ म्हणून फोन येतीलच. तोवर कोबा बहुतेक सुकलेला असतो आणि रात्रीच्या सर्व्हेत गच्ची निर्दोष दिसते. त्यावर ‘ओल नाही’ असा रिपोर्ट दिला आणि जूनमध्ये छत गळलं, तर त्या सोसायटीतून पुन्हा काम मिळत नाही. अशा वेळी रात्रीचा सर्व्हे नाकारायचा आणि जिथे मागच्या पावसात डाग पडले होते तेवढ्याच भागावर पाणी भरून खालून तपासणी करायची. पाण्याची टंचाई असेल तर टँकरचा खर्च सोसायटीचा, हे फोनवरच ठरवून घ्या.