ऐकू येतं, पण बोलता येत नाही

जुना वॉकी-टॉकी ‘गेला’ असं लोक बहुधा एकाच लक्षणावरून ठरवतात. समोरच्याचा आवाज खणखणीत येतो. पण बोलायला बटण दाबलं की लाल दिवा क्षणभर लागतो, मंदावतो आणि संच बंद. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं उपकरण, बॅटरीवर ७.२ व्होल्ट दाखवतो, म्हणून दोष ट्रान्समीटरवर, म्हणजे आवाज बाहेर पाठवणाऱ्या भागावर जातो. अशा वेळी मी मात्र आधी बॅटरीच तपासतो. कारण शाळेत शिकलेला ओहमचा नियम: विद्युतधारा जितकी जास्त, तितकं रोधावर जास्त व्होल्टेज घटतं.

जुन्या पॅकमध्ये १.२ व्होल्टचे सहा निकेल-कॅडमियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलला स्वतःचा आतला रोध असतो. नव्या पॅकचा मिळून ०.१२ ओहम धरू, जुन्याचा ०.९. नुसतं ऐकताना संच जेमतेम ०.०५ अँपिअर ओढतो, ०.९ ओहमवर घट ०.०४५ व्होल्ट, म्हणजे काहीच नाही. पण ५ वॅटने बोलताना १.५ अँपिअर लागतात आणि तिथे १.३५ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच जिरतात. संचापर्यंत उरतात ५.८५. एवढ्यावर अनेक संच तग धरत नाहीत. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते बटण दाबलेलं असताना, आणि अँटेना लावूनच. नाहीतर खरोखरच ट्रान्समीटर जळायचा.

हा रोध का वाढतो? सेल भरल्यावरही चार्जिंग चालू राहिलं तर धन पट्टीवर ऑक्सिजन तयार होतो. तो कॅडमियमच्या पट्टीवर जाऊन जिरतो आणि उष्णता सुटते. चार्जिंग जोरात असेल तर वायू जिरण्याआधीच दाब वाढून झडप उघडते आणि सेलमधला ओलावा निघून जातो. दोन पट्ट्यांमधला ओलसर पडदा कोरडा पडत जातो, आयनांची वाट बिकट होते. शिवाय कॅडमियमचे बारीक कण मोठ्या स्फटिकांत जमतात आणि अभिक्रियेला मिळणारा पृष्ठभाग घटतो.

याला सरसकट ‘मेमरी’ म्हणायची पद्धत आहे, आणि उपाय म्हणून बॅटरी पार शून्यावर उतरवायचा सल्ला मिळतो. हा सल्ला घातक आहे. सहांपैकी सर्वांत कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि उरलेले पाच त्यातून विद्युतधारा ढकलतच राहतात, त्यामुळे तो उलटा चार्ज होतो. तो सेल कायमचा जाऊ शकतो. दर सेल १ व्होल्टला थांबावं.

निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घातले तर क्षमता वाढते. पण सेल भरल्यावर व्होल्टेज किंचित घसरतं, त्या घसरणीवरून काही चार्जर थांबतात. या सेलमध्ये ती आणखी बारीक असते आणि जुन्या चार्जरच्या ती लक्षातच येत नाही. लिथियम-आयनचे दोन सेल ७.४ व्होल्ट देतात, आकडा जुळतो. पण ते जुन्या चार्जरवर कधीही लावू नयेत. आग लागू शकते.

अँटेनाची ताकद वाढवणारे स्टिकर विकले जातात, त्यांत काहीही तथ्य नाही. १५० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २ मीटर, तिचा चौथा भाग ५० सेंटिमीटर. आखूड रबरी अँटेना त्या मानाने तोकडी पडते. लांब अँटेनाने मात्र खरंच फरक पडतो.

परवा एका संचाच्या संपर्क-पट्ट्यांवर पांढरी पूड होती, सेलमधून झिरपलेल्या अल्कलीची. हातमोजे घातले, व्हिनेगरच्या बोळ्याने पुसलं, मग अल्कोहोलने. बटण दाबल्यावर आधी ५.९ व्होल्ट मिळत होते, आता ६.४. सेल तेच.