फिल्म प्रोजेक्टर: कोकणातला वापर आणि निर्मितीचा ऱ्हास

फिल्म प्रोजेक्टर म्हणजे ३५ किंवा १६ मिलिमीटर रुंदीची फिल्म प्रकाशासमोरून एकेक चौकट थांबवत पुढं नेणारं आणि तिचं चित्र पडद्यावर टाकणारं यंत्र. टॉकीजवाल्यांच्या तोंडी नुसतं 'मशीन'. १८९६ पासून शंभरेक वर्षं त्याची मूळ रचना फारशी बदलली नाही, आणि मग साधारण २००५ ते २०१४ या काळात त्याचं उत्पादन जगभर जवळपास थांबलं. इथं कोकण म्हणजे पालघर-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंतची पट्टी धरलीय, मुंबईचा उल्लेख टाळता येत नाही तिथंच केलाय कारण तिथल्या थिएटरांवर आधीच भरपूर लिहिलं गेलंय.

या यंत्राच्या आधीची गोष्ट मात्र कोकणातच सापडते. कल्याणच्या पटवर्धन मंडळींनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ केले, काचेवर हाताने रंगवलेली चित्रं एकाहून जास्त कंदिलांतून आलटून पालटून टाकली की पात्रं हलल्यासारखी वाटायची. काही जण याला थेट भारतीय सिनेमाची सुरुवात म्हणतात. ते जरा ताणल्यासारखं वाटतं, कारण यात फिल्म नव्हती आणि सलग हालचालीचं छायाचित्रणही नव्हतं, पण अंधारात बसून पडद्याकडे बघायची सवय या खेळांनी लावली एवढं नक्की म्हणता येईल. फिल्मवरचा सिनेमा, म्हणजे फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा खेळ, मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला तो ७ जुलै १८९६ ला.

आता मशीनचा जीव कशात असतो ते बघू. फिल्म सलग सरकत राहिली तर पडद्यावर नुसता धुरकट पट्टा दिसेल, म्हणून प्रत्येक चौकट क्षणभर पूर्ण थांबवावी लागते आणि ती बदलताना शटरने उजेड झाकावा लागतो. हे काम चार खाचांचं एक छोटं पोलादी चक्र करतं, माल्टीज क्रॉस. शेजारच्या फिरत्या चकतीवरची खुंटी त्याच्या खाचेत शिरते, त्याला पाव फेरा देते आणि बाहेर पडते, उरलेला पाऊण वेळ क्रॉस जागच्या जागी अडकलेला. क्रॉसच्या दांड्यावर १६ दातांचा स्प्रोकेट, म्हणजे दातेरी चाक, असतो, म्हणजे पाव फेऱ्यात चार दात, चार दातांत फिल्मच्या कडेची चार भोकं आणि चार भोकांत बरोबर एक चौकट. बोलपटाचा वेग सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फिल्म ओढायला मिळतो तो सेकंदाचा फक्त शहाण्णवावा भाग, आणि हे एका खेळात दोन लाखांच्या वर वेळा बिनचूक व्हायला लागतं.

हा क्रॉस प्रोजेक्टरमध्ये पहिल्यांदा कोणी बसवला यावर एकमत नाही. मूळ कल्पना घड्याळवाल्यांची, चावी जास्त पिळली जाऊ नये म्हणून घड्याळात अशी रचना आधीपासून असायची. सिनेमासाठी तिचा वापर बर्लिनला ऑस्कर मेस्टर आणि मॅक्स ग्लीवे, लंडनला रॉबर्ट पॉल आणि फ्रान्समध्ये काँतिन्सूझा, या सगळ्यांच्या नावावर सांगितला जातो आणि तिन्ही दावे १८९६ चेच आहेत. पॉलने आपलं यंत्र २० फेब्रुवारी १८९६ ला दाखवलं, पण त्याचं पहिलं चक्र सात टोकांचं होतं असं सांगतात. त्यामुळे पुढं सगळीकडे चाललेल्या चार खाचांच्या क्रॉसचं श्रेय मेस्टर-ग्लीवे यांच्याकडे झुकतं असं मानायला हरकत नाही, तरी एकाच वर्षात तीन देशांत तीच गरज पडल्यावर तिघांना आपापलं स्वतंत्रपणे सुचलं असणंही अगदी शक्य आहे. ल्युमिएरच्या यंत्रात क्रॉस नव्हताच, तिथं पंजा भोकात अडकून फिल्म खाली ओढायचा, आणि हाच पंजा पुढं १६ मिमीच्या हलक्या मशीनमध्ये राहिला.

निर्मितीच्या दृष्टीने क्रॉस हाच अवघड भाग. फिल्मवरची चौकट जेमतेम २१ मिमी रुंद असते, ती नऊ मीटरच्या पडद्यावर टाकली की चारशे पटींच्या वर मोठी होते, म्हणजे क्रॉसच्या घडणीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक पडद्यावर चारेक मिलिमीटरची थरथर होऊन दिसते. म्हणून तो कडक पोलादाचा घासून काढलेला आणि तेलात बुडवलेला असायचा. अमेरिकेत सिम्प्लेक्स आणि सेंच्युरी, जर्मनीत एर्नेमान आणि बाउअर, इटलीत चिनेमेकानिका, इंग्लंडमध्ये कॅली, हॉलंडमध्ये फिलिप्स ही मोठी नावं, आपल्याकडे फोटोफोनची मशीन बरीच चालली. तेल-पाणी नीट केलं तर यातलं कुठलंही यंत्र तीस-चाळीस वर्षं आरामात चालायचं. म्हणजे एकदा मशीन घेतलं की मालक पुन्हा काही गिऱ्हाईक व्हायचा नाही, आणि धंद्यातला हा नाजूकपणा डिजिटल यायच्या कितीतरी आधीचा आहे.

कोकणात घाटावरच्या मानाने टॉकीज मुळातच कमी. वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली, जत्रेत दशावतार, शिमग्याला नमन-खेळे, आणि पिक्चर बघणारा चाकरमानी मुंबईत परळ-लालबागला बघून यायचा. तालुक्याच्या गावी एखादं-दुसरं थिएटर आणि बाकी गणपतीत किंवा शाळेच्या पटांगणात लावलेला १६ मिमीचा पडदा, अशी साधारण विभागणी दिसते. १९४८ ला स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपटही खेडोपाडी पोचायचे ते अशाच मशीनवरून.

केबिनमधलं काम कष्टाचं होतं आणि त्याची नोंद फारच कमी झालीय. अडीच तासांचा पिक्चर म्हणजे साडेतेरा हजार फूट, चार किलोमीटरच्या वर फिल्म, ती दोन हजार फुटांच्या सात रिळांत मावायची आणि एक रीळ बावीसेक मिनिटांत संपायचं. म्हणून मशीन दोन. रीळ संपत आलं की चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकायचा, ऑपरेटर दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायचा, सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की चेंजओव्हर मारायचा, म्हणजे पडदा दुसऱ्या मशीनवर द्यायचा. उजेडासाठी लॅम्पहाउसमधे, म्हणजे मशीनच्या दिव्याच्या पेटीत, दोन कार्बनच्या कांड्या जळत असायच्या, त्यांच्यामधली विजेची ज्योत म्हणजे आर्क, त्या जळून अंतर वाढलं की उजेड पिवळा पडायचा म्हणून गडद काचेतून बघत जवळ आणायच्या. फिल्मवरचा आवाज चित्राच्या वीसेक चौकटी पुढं छापलेला असतो, त्यामुळे लूप (मशीनमध्ये सैल सोडलेला फिल्मचा वळसा) थोडा मोठा राहिला तरी ओठ आणि शब्द जुळायचे नाहीत.

यात कोकणची हवा. दमट झालेला कार्बन तडतडतो, आर्क स्थिर राहत नाही, म्हणून कांड्या आधी उबेला ठेवायच्या. खाऱ्या वाऱ्याने गेट (फिल्म उजेडासमोर धरणारी खिडकी) आणि रोलर गंजतात आणि गंजलेला रोलर फिल्मवर उभी रेघ पाडतो. फिल्मवरच्या जिलेटीनला बुरशी लागते, आणि ॲसिटेट फिल्म उष्ण-दमट हवेत आपोआप सडून आंबट वास मारायला लागते, आक्रसते, मग तिची भोकं स्प्रोकेटच्या दातांत बसत नाहीत. मोठ्या शहरांत आधीच फिरून आलेल्या प्रिंटला, म्हणजे पिक्चरच्या फिल्म-प्रतीला, हे सगळं सोसायचं असायचं.

डिजिटलचे जाहीर प्रयोग अमेरिकेत १९९९ ला झाले, हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून ठरवलेली डीसीआय ही मानकं २००५ ला आली. भारतात साधारण त्याच सुमाराला युएफओ आणि क्यूब या कंपन्यांनी वेगळी, स्वस्त वाट काढली, त्यातली युएफओची पद्धत सॅटेलाइटने पिक्चर थेट थिएटरच्या सर्व्हरवर पाठवायची. छोट्या गावाच्या मालकाला हे परवडलं आणि फायद्याचंही ठरलं, प्रिंटच्या पेटीची वाट बघणं संपलं, मुंबईचा नवा पिक्चर त्याच शुक्रवारी तालुक्याला लागायला लागला. मराठी निर्मात्याला तर प्रिंटमागचा हजारोंचा खर्च वाचणं फार मोठी गोष्ट होती. हे मान्य करूनच पुढचं बोलायला हवं.

डिसेंबर २००९ च्या 'अवतार'नंतर थ्रीडीसाठी जगभर घाई झाली. फुजीने २०१३ ला सिनेमाची प्रिंट फिल्म बनवणं थांबवलं, कोडॅक २०१२ ला दिवाळखोरीत गेली (फिल्म मात्र अजून बनवते), पॅरामाउंटने २०१४ च्या सुरुवातीला अमेरिकेत प्रिंट काढणं बंद केलं. प्रिंटच येणार नसेल तर चांगलं चाललेलं मशीनही उभंच राहणार, आणि माझ्या मते निर्मितीच्या शेवटाचं खरं कारण हेच आहे, यंत्र कालबाह्य झालं हे म्हणणं पुरेसं नाही. प्रोजेक्टर बनवणारी क्रिस्टी ही कंपनी डिजिटलकडे वळून टिकली, चिनेमेकानिकानेही डिजिटल मशीन विकायला घेतली, जर्मनीची किनोटोन २०१४ च्या सुमाराला मिटली. डिजिटल सिनेमा प्रोजेक्टरची चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आणि ती वापरायचा परवाना बार्को, क्रिस्टी, एनईसी अशा मोजक्याच कंपन्यांकडे. सोनीने वेगळ्या चिपवर प्रयत्न केला, २०२० ला तीही बाहेर पडली. क्रॉस किंवा स्प्रोकेट एखाद्या हुशार लेथवाल्याकडून करून घेता यायचा, सर्व्हरचं बोर्ड गेलं तर तसं करता येत नाही, कंपनीच्या माणसाचीच वाट बघावी लागते.

बंद टॉकीजमधली मशीन बहुतेक ठिकाणी भंगारात वजनावर गेली. ओतीव बॉडीला किलोचा भाव मिळतो, लेन्स आणि आरसे वेगळे विकले जातात, जुन्या कृष्णधवल फिल्मसुद्धा चांदीसाठी धुतल्या गेल्यात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून फिल्म जपतंय, मुंबईत २०१९ ला उघडलेल्या सिनेमा म्युझियममध्ये यंत्रंही बघायला मिळतात. कोकणातल्या एखाद्या केबिनमध्ये मशीन अजून उभं असेल तर निदान त्याच्या पाटीवरचा कंपनीचा नंबर, लॅम्पहाउसचा प्रकार आणि ते चालवणाऱ्या ऑपरेटरची तोंडी माहिती आत्ताच लिहून घ्यायला हवी, कारण कार्बन आर्कवर काम केलेली माणसं आता म्हातारी होत चाललीत.