उसाच्या ट्रॉलीला लागणारे अकरा सेकंद

पुण्याहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि तुळजापूरकडून येऊन पुढे विजयपूरला जाणारा महामार्ग ५२ सोलापुरात एकमेकांना भेटतात. गाळप हंगाम सुरू झाला की या रस्त्यांवर मालट्रक आणि मोटारींच्या जोडीला उसाने काठोकाठ भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टरही उतरतो. येथील महामार्गावरील चौकाची पुनर्रचना करायची असेल, तर आराखड्याची पहिली रेघ या ट्रॅक्टरचा विचार करून ओढली जावी, असे मला ठामपणे वाटते.

त्यामागचे गणित सोपे आहे. दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टरची लांबी १५ मीटर आणि ओलांडायच्या रस्त्याची रुंदीही तेवढीच धरली, तर शेवटची ट्रॉली पलीकडे पोहोचेपर्यंत ट्रॅक्टरला ३० मीटर अंतर कापावे लागते. ताशी १० किलोमीटर वेगाने त्याला सुमारे ११ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ८० किलोमीटरने येणारा मालट्रक २४० मीटर पुढे आलेला असतो. ट्रॅक्टर रस्त्यात शिरताना जो ट्रक दूर, निरुपद्रवी वाटत होता, तोच आता समोर येऊन ठेपतो. त्याच्या चालकाला धोका ओळखून कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण १२५ मीटर लागतात आणि रात्री दिव्याच्या मंद झोतात त्याला तेवढे लांबचे दिसत नाही.

चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांच्या आड येतात. त्यांपैकी ८ ठिकाणी ते विलग होतात, ८ ठिकाणी एकत्र येतात आणि १६ ठिकाणी एकमेकांना छेदतात. छेदणारे बिंदू सर्वांत घातक असतात, कारण तेथील धडक बहुधा वाहनाच्या कुशीवर बसते आणि तेथे प्रवासी व पत्रा यांत फारसे अंतर नसते. उड्डाणपुलामुळे सरळ जाणारी वाहने वेगवेगळ्या पातळ्यांवर जातात. मात्र आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने उजवीकडे वळणाऱ्यांचा प्रश्न पुलाखाली तसाच उरतो.

त्यावर चार पाकळ्यांच्या फुलासारखी रचना हा जुना उपाय आहे. तीत उजवीकडे वळायचे वाहन पूल ओलांडून डावीकडे गोल फिरते. पण शेजारच्या दोन पाकळ्यांमधील थोडक्या अंतरात आत येणारी आणि बाहेर पडणारी वाहने एकमेकांच्या वाटेत येतात व वेग कोसळतो. शिवाय वळणावर वाहनाला बाहेर लोटणारा परिणाम वेगाच्या वर्गानुसार वाढतो. वेग ताशी ४० वरून ६० वर गेला, की तो सव्वादोन पट होतो. ऊस उंच रचलेला असेल, तर गुरुत्वमध्यही वर सरकतो आणि ट्रॉली कलंडू शकते.

मुख्य प्रवाहात मिसळण्याच्या मार्गिकेबाबतही तेच. ताशी ४० वरून ८० किलोमीटर वेग गाठायला मोटारीला सव्वाशे मीटर पुरतात, तर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद एवढाच वेग वाढवू शकणाऱ्या भरलेल्या ट्रकला ३७० मीटर लागतात. ट्रॅक्टर तो वेग कधीच गाठणार नाही. त्यामुळे त्याच्यासाठी अखंड सेवा रस्ता आणि ट्रॉल्यांच्या उंचीला पुरेल असा भुयारी मार्ग हवाच. तो फार लांब ठेवला, तर माणसे डिझेल व वेळ वाचवण्यासाठी विरुद्ध दिशेने येतात. याला केवळ बेशिस्त म्हणणे मला पटत नाही, कारण तो आराखड्यातील दोषही असतो.

पुण्याच्या चांदणी चौकात ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल पाडून ऑगस्ट २०२३ मध्ये नवी बहुस्तरीय रचना खुली झाली. सोलापूरसाठी तो आराखडा उचलून आणता येणार नाही, कारण येथील वाहनांचे मिश्रण वेगळे आहे. म्हणून आराखड्याआधीची वाहनगणना जूनमध्ये उरकू नये. ती जानेवारीत, कारखाने पूर्ण क्षमतेने चालू असताना आणि रात्रीच्या वेळीही व्हावी. तीत ट्रॉल्या वेगळ्या मोजाव्यात आणि प्रत्येक ट्रॉली चौक ओलांडायला किती सेकंद घेते, याचीही नोंद ठेवावी.